आपल्या डोक्यात खरंच सरड्याचा मेंदू आहे का?

राग आला की आपल्यातला ‘सरड्याचा मेंदू’ जागा होतो, असं सांगणारे रील्स तुम्ही पाहिले असतील. ही कल्पना अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांनी १९६०च्या दशकात मांडली. सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू तळाशी, त्यावर भावनांचा थर आणि सगळ्यात वर विचारांचा.

पण उत्क्रांती म्हणजे घरावर मजले चढवणं नव्हे. तिला झाडासारख्या फांद्या फुटतात. माणूस सरड्यापासून झालेला नाही. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एकच होता. मेंदूचा पुढचा, मधला आणि मागचा भाग सरड्यालाही असतो, आपल्यालाही. बदलले ते आकार आणि रचना.

शिवाय भावना आणि विचार मेंदूत वेगवेगळ्या मजल्यांवर राहत नाहीत, ते एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे चिडून कमेंट केलीत, तर दोष बिचाऱ्या सरड्याला देऊ नका!