धामणीतील सुप्त रंगजनुके : आनुवंशिकता, प्रजनन व संरक्षण (यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कापूस, तूर व सोयाबीन ही यवतमाळ जिल्ह्यातील प्रमुख पिके होत. शेताचे धुरे, कुटाराचे ढीग व धान्याची कोठारे येथे उंदरांच्या मागावर येणारी धामण शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाची आहे. हा साप बिनविषारी, दिनचर आणि साधारणतः दोन मीटरपर्यंत लांब असतो. त्याचा रंग पिवळसर तपकिरीपासून काळपटापर्यंत बदलतो. क्वचित एखादी धामण पांढरट आढळते व कुतूहलाचा विषय होते. प्रस्तुत लेखात या रंगामागील आनुवंशिकता व तिचा संरक्षणाशी असलेला संबंध यांचे विवेचन केले आहे.

रंगाची आनुवंशिकता

सापाच्या त्वचेतील काळा व तपकिरी रंग मेलॅनिन या रंजकद्रव्यामुळे येतो. ते तयार करणाऱ्या जनुकात बिघाड झाल्यास रंजकहीनता उद्भवते. हा गुण सामान्यतः अप्रभावी असतो. प्रत्येक जनुकाची एक प्रत मातेकडून व एक पित्याकडून येते. दोन्ही प्रती सदोष असतील तरच साप पांढरट किंवा पिवळट दिसतो व त्याचे डोळे लाल असतात. एकच प्रत सदोष असल्यास साप इतरांसारखाच दिसतो. अशा सापास त्या जनुकाचा वाहक म्हणतात.

दोन वाहकांच्या मीलनातून सरासरी चारांपैकी एक पिल्लू रंजकहीन निपजते. उरलेल्या तीन सामान्य रंगाच्या पिलांपैकी दोन वाहक असतात. मात्र ती कोणती, हे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी चाचणी संकर करावा लागतो. संशयित सापाचे रंजकहीन सापाशी मीलन घडविल्यास, तो वाहक असेल तर सरासरी निम्मी पिले रंजकहीन होतात. आठ पिले झाली व सर्व सामान्य रंगाची निघाली, तर तो वाहक असण्याची शक्यता फारच कमी उरते. कारण वाहकाच्या बाबतीत असे घडण्याची संभाव्यता २५६ मध्ये १ एवढीच असते.

पाळीव प्रजननाचा अनुभव

धामण ज्या कोल्युब्रिडे कुलात मोडते, त्याच कुलातील अमेरिकन रॅट स्नेक गटाच्या सापांवर असे प्रयोग झाले आहेत. एच. बर्नार्ड बेक्टेल व एलिझाबेथ बेक्टेल यांनी कॉर्न स्नेकमधील रंजकहीनतेचे अप्रभावी स्वरूप पाळीव सापांच्या संकरातून दाखवून त्याचे निष्कर्ष १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे २०१५ मधील संशोधनात या गुणाचा संबंध ओसीए२ या जनुकात शिरलेल्या एका डीएनए-खंडाशी असल्याचे दिसून आले. या सापाच्या त्वचेतील लाल व पिवळी रंजकद्रव्ये शाबूत राहतात. त्यामुळे रंजकहीन कॉर्न स्नेक पांढरा न दिसता नारिंगी दिसतो.

पाश्चात्त्य देशांत अशा सापांचा मोठा व्यापार उभा राहिला. दुर्मीळ रंग टिकविण्यासाठी तेथे निकटच्या नात्यातील सापांचे मीलन घडविले जाते. त्यातून इतर अनिष्ट अप्रभावी गुणही प्रकट होण्याचा धोका वाढतो. पांढऱ्या टेक्सास रॅट स्नेकमध्ये बाहेर आलेले डोळे हा दोष पाळकांच्या परिचयाचा आहे.

यवतमाळच्या संदर्भात अन्वयार्थ

भारतात धामणीला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राणी पकडणेही येते. त्यामुळे ती घरी पाळणे वा तिचे खासगी प्रजनन करणे बेकायदेशीर ठरते. परिणामी येथे सुप्त जनुकांचे जतन केवळ शेतशिवारातच होऊ शकते.

याचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणातून स्पष्ट होईल. समजा, दहा हजार धामणींत एक रंजकहीन आहे. १९०८ मध्ये मांडल्या गेलेल्या हार्डी-वाईनबर्ग तत्त्वानुसार त्या समूहात सुमारे १९८ वाहक असतील. म्हणजे सदोष जनुकाच्या दोनशे प्रतींपैकी केवळ दोन पांढऱ्या सापात असतील. उरलेल्या १९८ सामान्य तपकिरी धामणींत दडलेल्या असतील. रंगाच्या जनुकास लागू पडणारे हे गणित रोगप्रतिकारासारख्या उपयुक्त अप्रभावी गुणांनाही लागू पडते.

धामण गाईचे पाय जखडून दूध पिते, ती नागाची मादी असते, अशा समजुती ग्रामीण भागात आढळतात. सापाच्या मुखाची रचना दूध चोखून पिण्यास योग्य नसते आणि नाग ही स्वतंत्र जाती आहे. तरीही अशा समजुतींपायी धामणी मारल्या जातात. मारली जाणारी प्रत्येक ‘साधी’ धामण आपल्यासोबत न दिसणारी जनुकीय विविधताही नेते.

समारोप

पांढरी धामण आढळल्यास वनविभागास कळवावे, तिचे प्रदर्शन मांडू नये. महाविद्यालयीन वर्गात मेंडेलचे नियम शिकविताना वाटाण्यासोबत धामणीचे उदाहरण घेतल्यास आनुवंशिकता व वन्यजीव कायदा हे दोन्ही विषय विद्यार्थ्यांच्या शेतशिवाराशी जोडता येतील. दुर्मीळ रंगाचे जतन करावयाचे असेल, तर धुऱ्यावरील तपकिरी धामणीस अभय मिळणे आवश्यक आहे.