तोंडातली चरबीची गाठ : भूल, सुरी आणि स्लाइड

हिरडीवरच्या गाठींचा आढावा घेताना रू यांनी १८४८ मध्ये एका पिवळ्या गाठीची नोंद केली. तोंडातल्या लायपोमाचं, म्हणजे चरबीच्या साध्या गाठीचं, ते पहिलं वर्णन मानलं जातं. बॉस्टनमध्ये ईथरच्या भुलीचा जाहीर प्रयोग होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. मुळात न दुखणारी गाठ. ती काढण्यासाठी सुरीच्या वेदना कोण ओढवून घेणार?

ही अडचण सोडवली जागच्या जागी देता येणाऱ्या भुलीने. १८८४ मध्ये कोकेन, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रोकेन आणि चाळीसच्या दशकात लिग्नोकेन. उपचार मात्र तेव्हाचाच राहिला : वर छेद द्यायचा, गाठ अलगद सोडवून अख्खी बाहेर काढायची, टाके घालायचे. ती सहसा पुन्हा होत नाही. स्नायूंत घुसलेली असेल तर मात्र उलटू शकते.

मधल्या काळात लेझर आला. त्यातला कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये बेल लॅबमध्ये शोधणारे कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. लेझरने रक्त कमी येतं हे खरं, पण कडा करपतात आणि पॅथॉलॉजिस्टची पंचाईत होते. छोट्या गाठीला सुरीच बरी, असं माझं मत.

निदानाची गोष्ट जास्त रंजक. आपल्याकडे तोंडात काही हाताला लागलं की तंबाखू खाणारा काय नि न खाणारा काय, कॅन्सरच्याच धास्तीने येतो. गालाच्या आतली मऊ, बोटाखाली सरकणारी, पातळ त्वचेतून पिवळसर दिसणारी गाठ बहुधा लायपोमाच. खोलवरची असेल तर रंग दिसत नाही. तिथे सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकली की बुडत नाही, तरंगते. स्लाइड तयार करताना चरबी विरघळून जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात त्या रिकाम्या पेशी, जाळीसारख्या.

पण चरबीचा कॅन्सरही क्वचित अशाच साध्या रूपात येतो. शंका आल्यास आता एमडीएम२ जनुकाची चाचणी करता येते. पूर्वी नुसत्या नजरेवर भिस्त असे.

तेव्हा गाठ काढून घेतलीत तर ती तपासणीला गेली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा, आणि रिपोर्ट जपून ठेवा.