दोन ग्राफिक्स कार्डं लावली की गेम दुप्पट पळतो का?

ओजिमातल्या आमच्या इमारतीतला एक शाळकरी मुलगा जानेवारीत घरी आला. ओतोशिदामाचे, म्हणजे जपानी नववर्षाला मुलांना मिळतात ते पैसे त्याने साठवले होते. "काका, माझ्याकडे आरटीएक्स ३०६० आहे. तसंच दुसरं अकिहाबाराला जुन्या बाजारात मिळतंय. दोन्ही लावली तर गेम दुप्पट वेगाने चालेल ना?"

अकिहाबारा आम्हाला जवळ. शिंजुकु लाइनने इवामोतोचोला उतरायचं आणि थोडं चालायचं. म्हणूनच म्हटलं, निघण्याआधी जरा बस.

प्रश्न रास्त आहे. एके काळी याचं उत्तर 'बऱ्यापैकी हो' असं होतं. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू २ कार्ड आलं. अशी दोन कार्डं जोडली की एक कार्ड पडद्यावरच्या सम ओळी काढायचं, दुसरं विषम. या जोडणीला एसएलआय म्हणत. पुढे कंपनी अडचणीत आली, तिचं तंत्रज्ञान एनव्हिडियाने विकत घेतलं आणि २००४ मध्ये एसएलआय हे नाव नव्या रूपात परत आणलं. पुढच्याच वर्षी एटीआयचं क्रॉसफायर आलं.

नव्या पद्धतीत बहुधा अख्ख्या फ्रेमच वाटून दिल्या जात. पहिली फ्रेम एका कार्डाची, दुसरी दुसऱ्याची. दोघींनी पोळ्या लाटायला बसावं तसं. तासाभरात पोळ्या दुप्पट होतात, पण एक पोळी लाटून भाजायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. गेममध्येही तसंच. एका फ्रेमला २० मिलिसेकंद लागत असतील, तर दोन कार्डं मिळून सेकंदाला १०० फ्रेम देतील. मात्र तुम्ही बटण दाबल्यावर त्याचा परिणाम दिसायला लागणारा वेळ त्यामुळे निम्मा होत नाही.

शिवाय फ्रेम समान अंतराने यायला हव्यात. एक २ मिलिसेकंदांनी आणि पुढची १८ मिलिसेकंदांनी आली, तर सरासरी १०० भरते, पण डोळ्यांना हिसके जाणवतात. आकडा मोठा दिसतो, खेळताना मजा येत नाही.

दुसरी अडचण मेमरीची. दोन्ही कार्डांना तोच देखावा काढायचा असतो, म्हणून दोघांकडे तीच सामग्री लागते. १२ जीबीची दोन कार्डं लावली तरी गेमला २४ जीबी मिळत नाहीत.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. आजचे गेम कडा गुळगुळीत करायला आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. आधीची फ्रेम दुसऱ्या कार्डाकडे असेल तर ती मागवून घ्यावी लागते आणि मिळालेला वेळ त्यातच जातो. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स १२ मध्ये दोन कार्डं वापरायची सोय आहे, पण ते काम गेम बनवणाऱ्यांनाच करावं लागतं. फार थोड्यांनी ते केलं. एनव्हिडियाने २०२१ पासून एसएलआयसाठी नवी प्रोफाइल देणं थांबवलं. त्या पिढीत जोडणीची सोय फक्त ३०९० ला उरली होती, ४०९० मधून तीही गेली. ३०६० ला ती मुळातच नाही. म्हणजे या मुलाचं दुसरं कार्ड जवळपास प्रत्येक गेममध्ये नुसतं बसून राहिलं असतं.

मग दोन कार्डं कुणाला उपयोगी? ज्यांच्या कामाचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात, त्यांना. ब्लेंडरमध्ये अ‍ॅनिमेशन करणारे किंवा घरच्या संगणकावर भाषेची मॉडेलं चालवणारे यांना दुसऱ्या कार्डाचा खराखुरा फायदा होतो. तिथे अर्ध्या सेकंदाचा उशीर कुणाला खुपत नाही.

पण त्यांनीही जपानमधल्या घराची वीज पाहावी. इथे दाब १०० व्होल्ट, म्हणजे तेवढ्याच वॅटला भारतापेक्षा दुपटीहून जास्त अँपिअर. ३०९० ला ३५० वॅट लागतात, दोघांना ७००. म्हणजे ७ अँपिअर नुसत्या कार्डांचे. घराचा करार ३० अँपिअरचा असेल आणि त्याच वेळी हीटर, मायक्रोवेव्ह आणि राइस कुकर चालू असेल, तर ब्रेकर पडून घरात अंधार!

मुलाला म्हटलं, दोन मध्यम कार्डांपेक्षा एक चांगलं घे. हातातलं वीक, ओतोशिदामात त्याची भर घाल आणि घेण्याआधी आपला पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते बघ. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "म्हणजे पुढच्या जानेवारीपर्यंत थांबू?" थांबायला हरकत नाही. तोवर त्याच पैशात आणखी चांगलं कार्ड मिळू शकतं.