शांत पडलेला रुग्ण खरोखरच शांत असतो का?

अतिदक्षता विभागातील मध्यरात्र. एका खाटेवरील आजोबांना भिंतीवर मुंग्या चढताना दिसतात, ते सलाइनची नळी ओढू लागतात आणि 'मला घरी सोडा' म्हणून ओरडतात. सारा विभाग तिकडे धावतो. शेजारच्या खाटेवरील आजी मात्र निपचित पडून आहेत. हाक मारली की क्षणभर डोळे उघडतात आणि पुन्हा मिटतात. त्यांच्या कागदावर 'रुग्ण शांत' एवढीच नोंद होते. प्रत्यक्षात दोघांनाही एकच विकार जडलेला असू शकतो. त्याचे नाव डिलिरियम.

तापाच्या भरात माणूस बरळू लागला की 'वात झाला' असे आपल्याकडे म्हणतात, त्याच जातीचा हा प्रकार. काही तासांत वा एक-दोन दिवसांत मेंदूचे कार्य विस्कळीत होते, लक्ष टिकत नाही, विचारांची संगती तुटते. जंतुसंसर्ग, प्राणवायूची कमतरता, तुंबलेली लघवी, अपुरी झोप, दारू अचानक बंद होणे, लोराझेपाम किंवा मिडॅझोलामसारखी गुंगीची औषधे ही त्याची नेहमीची कारणे. हे वेड नव्हे आणि 'आता वय झाले' म्हणून सोडून देण्याजोगेही नव्हे. अमेरिकेत अत्यवस्थ अशा ८२१ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ७४ टक्के रुग्णांना रुग्णालयात असताना डिलिरियम झाला होता. आणि तो जितके अधिक दिवस टिकला, तितकी वर्षभरानंतरही स्मरणशक्ती व विचारशक्ती अधिक खालावलेली आढळली.

हा विकार दिवसभरात कमी-अधिक होत राहतो. डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी रुग्ण नीट उत्तरे देतो आणि तासाभराने त्याला आपण कोठे आहोत हेही उमगत नाही. हा फरक टिपू शकते ती पाळीभर खाटेजवळ असणारी परिचारिका. मात्र, सत्तरी ओलांडलेल्या ७९७ रुग्णांच्या २००१ मधील एका अभ्यासात डिलिरियम झालेल्यांपैकी केवळ ३१ टक्के रुग्ण परिचारिकांच्या लक्षात आल्याचे दिसले. निसटले ते मुख्यतः गप्प राहणारे, अतिवृद्ध, अधू दृष्टीचे आणि आधीच स्मृतिभ्रंश असलेले. हा दोष हलगर्जीपणाचा म्हणता येणार नाही; नुसते पाहून हा विकार कळतच नाही, रुग्णाला विचारावे लागते.

त्यासाठी अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डॉ. वेस्ली इली व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'कॅम-आयसीयू' ही चाचणी मांडली. घशात नळी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या रुग्णालाही ती देता येते. परिचारिका रुग्णाचा हात हाती घेऊन दहा इंग्रजी अक्षरे सावकाश उच्चारते. 'ए' आले की रुग्णाने तिचा हात दाबायचा. दोनपेक्षा अधिक चुका झाल्या, तर लक्ष टिकत नाही असे समजायचे. अक्षरांऐवजी चित्रेही वापरता येतात. 'दगड पाण्यावर तरंगतो का?' अशा प्रश्नांना मानेनेच हो-नाही म्हणायचे. जागृतीची पातळी आणि मनःस्थितीत अचानक झालेला बदलही पाहिला जातो. सारे मिळून दोन-चार मिनिटांचे काम. अर्थात एकाच परिचारिकेकडे तीन-चार अत्यवस्थ रुग्ण असतील, तर प्रत्येक पाळीत तेवढी मिनिटे काढणेही सोपे नसते.

चाचणीत दोष आढळला की डॉक्टरांनी मूळ कारण शोधायचे. हॅलोपेरिडॉलने डिलिरियमचा काळ घटत नसल्याचे २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसून आले. त्यामुळे भर शुश्रूषेवर येतो. रात्री दिवे मंद ठेवणे, गुंगीची औषधे कमी करता येतील का हे डॉक्टरांना विचारणे, जमेल तितक्या लवकर रुग्णाला उठवून बसवणे, वार व वेळ पुन्हा पुन्हा सांगणे, ही कामे परिचारिकेचीच.

आपल्याकडे रुग्ण आत जाताना दागिन्यांबरोबर चष्मा आणि श्रवणयंत्रही पिशवीत घालून नातलगांच्या हाती दिले जाते. धूसर दिसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या माणसाला त्या यंत्रांच्या गराड्यात संभ्रम झाला तर नवल नाही. दोन्ही वस्तू परत आणून द्याव्यात. भेटीच्या दहा मिनिटांत 'बाबा आज नेहमीसारखे वाटत नाहीत' असे जाणवले, तर तेही पाळीवरील सिस्टरना लगेच सांगावे. बाबा एरवी कसे बोलतात हे त्यांना ठाऊक नसते.