मध्यस्थाविना ओळख : धार-देवासमधली डेटिंग ॲप

डेटिंग ॲप अनोळखी माणसांची गाठ घालून देते. वय, छायाचित्रे आणि दोन-चार ओळींची माहिती भरली की फोनच्या ठिकाणावरून आसपासची माणसे दिसू लागतात. टिंडर आणि बंबलसारख्या ॲपवर दोघांनीही पसंती दिली तरच बोलणे सुरू होते. टिंडर २०१२ मध्ये अमेरिकेत निघाले, बंबल २०१८च्या डिसेंबरमध्ये भारतात आले. नाव नोंदवणे, माणसे पाहणे आणि जुळल्यावर बोलणे फुकट असते. आपल्याला कोणी पसंत केले हे आधीच पाहायचे किंवा रोजच्या मर्यादेपेक्षा जास्त पसंत्या द्यायच्या, तर पैसे पडतात. तक्रार करणे आणि एखाद्याला ब्लॉक करणे या सोयी मात्र फुकट खात्यातही मिळतात.

धार आणि देवासमध्ये अठराव्या शतकात पवारांच्या गाद्या स्थापन झाल्या. देवासला तर थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या होत्या. तेव्हापासून माळव्यात रुजलेल्या मराठी घरांत लग्ने जमली ती नातेवाईक, ओळखीपाळखीचे लोक आणि वधू-वर मेळावे यांतून. या व्यवस्थेत मध्यस्थ तीन कामे करी. माणूस सांगतो तोच आहे ना हे तो पाही, घरची आणि नोकरीची चौकशी करी, आणि पुढे काही बिनसले तर त्याला जाब विचारता येई. ॲप फक्त ओळख करून देते. उरलेली कामे वापरणाऱ्यानेच करायची असतात, आणि सुरक्षिततेचे बहुतेक नियम यातूनच निघतात.

छोट्या शहरात अडचण दुहेरी असते. दहा किलोमीटरच्या परिघात मोजकीच खाती दिसतात, म्हणून परीघ वाढवला जातो आणि त्यात इंदूर येते. देवासहून ते सुमारे ३५ किलोमीटरवर आहे, धारहून साठ-पासष्ट. दुसरी अडचण अशी की गावात ओळख पटायला फार काही लागत नाही. पहिले नाव, ‘बँक नोट प्रेसमध्ये नोकरी’ आणि टेकडीच्या पायथ्याच्या घराच्या गच्चीवरचा फोटो एवढ्यावर देवासमध्ये घर सापडू शकते. म्हणून फोटोत गाडीचा नंबर, कॉलेजचे ओळखपत्र, दारावरची पाटी किंवा लहान मुले येऊ देऊ नयेत. नातेवाइकांच्या नजरेला पडायचे नसेल, तर टिंडरवर फोनमधले क्रमांक आधीच ब्लॉक करता येतात.

ॲपवरचे अंतरही बोलके असते. तीन वेगवेगळ्या जागांवरून कळलेली अंतरे नकाशावर वर्तुळे म्हणून काढली, तर ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे माणूस असतो. टिंडरच्या अतिअचूक अंतरांमुळे हे करता येत होते, असे सुरक्षा संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. ती त्रुटी आता दूर झाली आहे. तरीही, ॲपमध्ये सोय असेल तर अंतर लपवावे आणि फोनच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच ठेवावी.

समोरच्याची खातरजमा पायरीपायरीने होते. त्याचा फोटो इंटरनेटवरच्या उलट-शोधात टाकला की तो दुसऱ्याच कोणाचा आहे का हे बरेचदा कळते. ॲपवरची पडताळणीची खूण चेहरा फोटोशी जुळल्याचे सांगते. स्वभाव, नोकरी किंवा वैवाहिक स्थिती यांची हमी ती देत नाही. भेटीआधी ॲपमधूनच छोटा व्हिडिओ कॉल करावा. सतत कॅमेरा बिघडल्याची सबब सांगणाऱ्याला भेटू नये. फोन नंबर उशिरा द्यावा आणि घरचा पत्ता सर्वांत शेवटी. आधार कार्डाचा फोटो आणि ओटीपी तर कधीच देऊ नये.

फसवणुकीचे काही साचे ठरलेले आहेत. एकात आठवडाभर गोड बोलून मग गुंतवणुकीचा ‘हमखास’ मार्ग सुचवला जातो. दुसऱ्यात अडकलेल्या भेटवस्तूसाठी कस्टमचे पैसे मागितले जातात. दिल्ली-मुंबईत उघडकीस आलेल्या प्रकारात मुलगी ठरावीक बारमध्ये बोलावते आणि अवाच्या सवा बिल समोर येते. चौथ्यात गप्पा लगेच व्हॉट्सॲपवर नेऊन रात्री व्हिडिओ कॉल होतो, चित्रण होते आणि ‘पोलिस’ म्हणवणारा माणूस पैसे मागतो. भेटीआधीच पैशाचा विषय निघाला, तर बोलणे तिथेच थांबवावे.

पहिली भेट दिवसा आणि वर्दळीच्या जागी ठेवावी. इंदूरची छप्पन दुकान त्याला योग्य. मांडूचे निर्जन अवशेष किंवा रिकामा फ्लॅट नव्हे. जाण्यायेण्याचे वाहन स्वतःचे ठेवावे, परतीच्या बसची वेळ आधीच पाहावी. एका विश्वासू व्यक्तीला भेटीची जागा सांगावी. व्हॉट्सॲपवर थेट ठिकाण आठ तासांपर्यंत पाठवता येते. आपला पेला नजरेआड होऊ देऊ नये.

समलिंगी व्यक्तींना सावधगिरी जास्त लागते. ६ सप्टेंबर २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्हा नाहीत. पण घरी कळवण्याची धमकी देऊन लुबाडणूक होते. ती खंडणीच आहे, आणि तक्रार करणारा आरोपी ठरत नाही.

काही घडलेच, तर पैसे देऊ नयेत; एकदा दिले की मागणी वाढते. ब्लॉक करण्यापूर्वी संभाषण, खाते आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट घ्यावेत, कारण जुळणी तोडली की संभाषणही दिसेनासे होते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. जितकी घाई, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. तातडीच्या धोक्यात ११२ आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, शून्य एफआयआर जवळच्या ठाण्यात नोंदवता येते. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डीखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खासगी चित्रे पसरण्याची भीती असल्यास स्टॉप एनसीआयआय ही फुकट सेवा चित्राचा केवळ सांकेतिक ठसा तयार करून सहभागी संकेतस्थळांना देते. मूळ चित्र फोनमधून बाहेर जात नाही.