गाडी निर्दोष ठरली, साख मात्र बुडाली

माल खराब निघाला तर दुकान बसते, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगण्याची गरज नाही. परंतु मालात मोठा ऐब नसतानाही एका नामांकित कंपनीचे दुकान कसे बसले, याची हकीकत फारशी कोणी सांगत नाही. ही हकीकत अमेरिकेतील ‘ऑडी ५०००’ या गाडीची आहे. ऑडी हे नाव आता आपल्या भागालाही नवे नाही. २००७ साली औरंगाबादजवळ शेंद्रा येथे ऑडी ए-६ ची जोडणी सुरू झाली. ती ए-६ या जुन्या गाडीच्याच घराण्यातली.

ऑडी ५००० ही पाच सिलिंडरची जर्मन गाडी. इतर देशांत तिचे नाव ऑडी १०० होते. डॉक्टर, वकील, पैसेवाले व्यापारी अशी तिची गिऱ्हाइके होती. १९८५ साली अमेरिकेत ऑडीच्या ७४,०६१ गाड्या विकल्या गेल्या, आणि त्यांत मोठा वाटा हिचा होता.

तक्रार अशी की, उभी गाडी सुरू करून ऑटोमॅटिक गिअरचा दांडा ‘पार्क’मधून काढला की गाडी आपोआप सुसाट सुटते, ब्रेक दाबूनही थांबत नाही. अशा सुमारे ७०० अपघातांची आणि ६ मृत्यूंची नोंद झाली. २३ नोव्हेंबर १९८६ रोजी सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात हा विषय आला. गाडी गॅरेजमध्ये घेताना जिचा सहा वर्षांचा मुलगा गाडीखाली सापडून गेला, त्या आईने आपले दुःख सर्व देशासमोर सांगितले. त्याच कार्यक्रमात एक्सिलेटरचा पेडल कोणी न दाबता स्वतःच खाली जाताना दाखविला. त्यासाठी तज्ज्ञाने गिअरबॉक्सला भोक पाडून बाहेरून दाब दिला होता, हे मात्र प्रेक्षकांना नीट दाखविले नाही. माझ्या मते ही सरळसरळ बेइमानी होती. पण तोवर गिऱ्हाइकाच्या मनात भीती बसली होती.

सरकारी तपास सावकाश झाला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याचा अहवाल जानेवारी १९८९ मध्ये आला. कॅनडा आणि जपान येथील तपासही साधारण त्याच निष्कर्षाला पोहोचले. बहुतेक प्रकरणांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी एक्सिलेटरवर पडला होता. ब्रेक समजून तो जितका जोराने दाबावा तितकी गाडी जास्त पळणार. शिवाय इंजिन पूर्ण जोरात असले तरी धड ब्रेक गाडीला रोखू शकतो, हे चाचण्यांत दिसले. त्या आईचा खटलाही कंपनीच्या बाजूने सुटला.

मग कंपनी साफ निर्दोष म्हणावी काय? तसेही नाही. आयडल स्पीड सांभाळणारा एक पुर्जा काही गाड्यांत बिघडत असे आणि त्यामुळे गाडीची रेस एकाएकी वाढे. ही रेस थोडा वेळ टिकणारी, ब्रेकने सहज आवरणारी. पण चालक दचकला की त्याचा पाय चुकण्यास तेवढे पुरेसे. शिवाय पेडलांची ठेवण अमेरिकन गाड्यांपेक्षा वेगळी होती. म्हणजे चूक पायाची खरी, पण त्या चुकीला निमित्त गाडीनेही दिले. पायपोस पेडलात अडकतो म्हणून १९८२ सालीच एकदा गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या.

कंपनीने मात्र ‘चूक चालकाची’ एवढेच धरून ठेवले. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक रंग गेलेला ताका घेऊन येते, तेव्हा गरम पाण्यात बुडवून त्यानेच कापडाची माती केली हे आपल्याला दिसत असते. ते तोंडावर ऐकविणारा दुकानदार खरे बोलतो, आणि ते गिऱ्हाईक आपल्या मोहल्ल्यातल्या आणखी दहा जणांना घेऊन समोरच्या दुकानात जाते. शरियतने ऐबदार माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला दिला आहे. पण ऐब कोणाचा हेच ठरलेले नसते तेथे निम्मा सौदा जबानीवर असतो. येथे तर समोर मूल गमावलेली आई होती.

उपाय साधा होता. ब्रेकवर पाय असल्याशिवाय दांडा ‘पार्क’मधून हलूच नये असे कुलूप. जानेवारी १९८७ मध्ये सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावून ते बसविण्याचे कंपनीने ठरविले. मात्र टीव्हीवर बोभाटा होऊन तेव्हा दोन महिने लोटले होते. विक्री घसरत १९९१ साली १२,२८३ वर आली. ज्यांची गाडी कधीच बिघडली नव्हती त्यांनीही, पुनर्विक्रीची किंमत पडली म्हणून, कोर्टात दावा लावला. १९८९ च्या मॉडेलपासून कंपनीने गाडीचे नावच बदलून १०० आणि २०० केले. १९८५ चा आकडा पुन्हा ओलांडायला २००० साल उजाडले.

हे कुलूप आज जवळपास प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत असते. आपल्यातील बरेच व्यापारी हल्ली जुनी ऑडी किंवा तशीच दुसरी भारी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेतात. त्यांनी सौदा करण्यापूर्वी इंजिन सुरू करून, ब्रेकला पाय न लावता आणि दांड्याचे बटण दाबून, दांडा ‘पार्क’मधून काढून पाहावा. तपासताना हँडब्रेक ओढलेला असावा आणि पुढेमागे कोणी उभे नसावे. दांडा निघाला तर कुलूप बिघडले आहे किंवा कोणा मिस्त्रीने काढून टाकले आहे, हे समजावे आणि दुरुस्त होईपर्यंत बयाणा देऊ नये. त्याचबरोबर पायाखालच्या चटया उचलून पाहाव्यात. बाजारातून घेतलेली जाड चटई मूळ चटईवर टाकलेली असली, तर ती पेडलाखाली सरकते. ती आधी काढावी, मगच गाडी चालवून पाहावी.