पासबुकातील न वाचलेली ओळ

मे महिना सरत आला की भंडारा जिल्ह्यातील असंख्य बचत खात्यांतून वीस रुपये वजा होतात. पासबुक छापून घेतले, तर त्या रकमेसमोर बहुधा ‘पीएमएसबीवाय’ ही इंग्रजी अक्षरे आणि पुढे एखादा लांबलचक क्रमांक उमटतो. मोहाडी किंवा लाखांदूर तालुक्यातील शेतमजूर स्त्रीला ती अक्षरे वाचता येत नाहीत. बँकेने काहीतरी कापून घेतले, एवढाच अर्थ तिच्यापर्यंत पोहोचतो. वस्तुतः ती ओळ म्हणजे दोन लाख रुपयांच्या अपघात विम्याची पावती असते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आणि प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना या दोन्ही योजनांची सुरुवात 9 मे 2015 रोजी झाली. पहिलीत 18 ते 70 वर्षे वयाच्या खातेदाराला वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यू अथवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचे आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी एक लाखाचे संरक्षण मिळते. दुसरीत 18 ते 50 या वयात सहभागी होता येते आणि संरक्षण वयाच्या 55 व्या वर्षापर्यंत चालू ठेवता येते. तिचा वार्षिक हप्ता 436 रुपये असून मृत्यू कोणत्याही कारणाने आला तरी वारसाला दोन लाख रुपये मिळू शकतात. दोन्हींचे विमावर्ष 1 जून ते 31 मे असे असते. खातेदाराने एकदा संमती दिली की हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप जातो. भरपाई मात्र आपोआप येत नाही. ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी आपला विमा आहे हे घरच्यांना ठाऊक असावे लागते.

नेमके इथेच घोडे अडते. जिल्ह्याची मुख्य शेती धानाची. जून-जुलैत बांध्यांमध्ये पाणी साचते, रोवणीला बायका-पुरुष दिवसभर चिखलात उभे असतात आणि सर्पदंशाचे भय हे त्या कामाचाच एक भाग असते. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्यासाठी जंगलात जावे लागते. सर्पदंश अथवा झाडावरून पडून झालेला मृत्यू या विम्यात बसतो, पण त्यासाठी घटनेनंतर तातडीने झालेल्या रुग्णालयीन नोंदीचा आधार लागतो. रस्ता अपघात असल्यास पोलिसांकडील प्रथम खबर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. दुःखाच्या त्या घटकेला हे कागद जमा करण्याचे भान घरातील माणसांना कसे राहावे? पुढे दिवसकार्य आटोपते, पासबुक पेटीच्या तळाशी जाते आणि ती ओळ कायमची न वाचलेली राहते. दावा शक्यतो 30 दिवसांच्या आत बँकेत द्यावा, असे योजनेत अपेक्षित आहे. ज्या घराला विम्याचा पत्ताच नाही, त्या घरासाठी ही मुदत सुरूच होत नाही आणि संपूनही जाते.

दोष वाचता न येणाऱ्या माणसाचा नाही. रिझर्व्ह बँकेने ग्राहकसेवेसंबंधीच्या आपल्या परिपत्रकांत हे स्पष्ट केलेले आहे. खाते उघडण्याचे अर्ज, भरणा पावत्या, पासबुके असे सर्वसामान्य ग्राहकांच्या वापराचे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि त्या प्रदेशाची भाषा अशा तिन्ही भाषांत असावे. पासबुकात दुर्बोध नोंदी टाळाव्यात आणि थोडक्यात का होईना, समजेल असा तपशील द्यावा, असेही त्यांत म्हटले आहे. मराठीला राज्याची राजभाषा ठरविणारा अधिनियम तर 1964 सालचा. छापील अर्जांवर मराठी आली, पासबुकाच्या मुखपृष्ठावरही ती आली, परंतु आतली नोंद संगणक करतो आणि तो इंग्रजी आद्याक्षरांतच बोलतो. भ्रमणध्वनीवर येणारे संदेशही पुष्कळदा इंग्रजीतच असतात.

इंग्रजीचा दुसरा फास नावाभोवती पडतो. देवनागरीत ‘गीता’ हे नाव एकाच रीतीने लिहिले जाते. इंग्रजीत त्यातील दीर्घ ‘ई’साठी कोणी ‘आय’ घालतो, कोणी ‘डबल ई’. ‘वाघमारे’ कोठे ‘डब्ल्यू’ने सुरू होते, कोठे ‘व्ही’ने. आधार कार्डावर एक, बँकेत दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरे, अशी एकाच बाईची तीन नावे होतात आणि ती तिन्ही दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेली असतात. अनुदान अडले की तिला मात्र नावात फरक असल्याचे सांगण्यात येते. आधारवरील नाव आयुष्यात केवळ दोनदा बदलता येत असल्याने कोणता कागद दुरुस्त करायचा, हा निर्णयही विचारपूर्वक घ्यावा लागतो.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या वेळी 2024 च्या जुलै महिन्यात मराठीत भरलेले अर्ज बाद होणार, अशी चर्चा राज्यभर पसरली होती. तसे होणार नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला. महाराष्ट्रात मराठी अर्ज चालेल की नाही, याची धास्ती मराठी स्त्रियांना वाटावी, यातच सर्व आले.

तथापि अर्ज मराठीत आला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नव्हे. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये देणाऱ्या राज्य योजनेचे नाव ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ असे आहे. यातील ‘सानुग्रह’ शब्दाचा अर्थ पदवीधरालाही चटकन सांगता येणार नाही. मग ज्यांच्या घरात झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलली जाते, त्यांची काय कथा! ‘विहित नमुना’, ‘अनुज्ञेय’, ‘आधार सीडिंग’ हे शब्द त्यांच्यासाठी इंग्रजीइतकेच परके होत.

अमेरिकेत इंग्रजी नीट न येणाऱ्यांना सरकारी सेवा समजतील अशा रीतीने मिळाव्यात, असा आदेश 2000 साली निघाला होता. तो 2025 मध्ये मागे घेण्यात आला. तेथे प्रश्न प्रामुख्याने परमुलखातून आलेल्यांचा होता. भंडाऱ्यातील मजूर स्त्री कोठूनही आलेली नाही. ती आपल्याच गावात, आपल्याच खात्यापुढे परकी ठरते.

जैन परंपरेला हा विषय नवा नाही. भगवान महावीरांनी आपला उपदेश विद्वानांच्या संस्कृतात न देता लोकांच्या अर्धमागधीत दिला. समवसरणात जमलेल्या प्रत्येक जीवाला, पशुपक्ष्यांनाही, भगवंतांची वाणी आपापल्या भाषेत उमगत असे, अशी श्रद्धा आहे. दिगंबर परंपरा तर अठरा महाभाषा आणि सातशे लघुभाषांचा उल्लेख करते. ऐकणाऱ्याला समजावे ही जबाबदारी बोलणाऱ्याची, हा त्यातला बोध आहे. आहारदान, औषधदान आणि अभयदान यांच्याबरोबरीने ज्ञानदानाचा महिमा सांगितला आहे, तो केवळ ग्रंथ छापून देण्यापुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही.

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील बाजारपेठांत जैन कुटुंबांची दुकाने आहेत. धान विकायला, किराणा न्यायला येणारा शेतकरी आजही विश्वासाने आपला कागद दुकानाच्या गादीवर पुढे करतो. घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी, सुनांनी रविवारचे दोन तास अशा कागदांसाठी दिले, तर मोठे काम होईल. पासबुकातील मे-जूनच्या नोंदी पाहाव्यात आणि वीस व चारशे छत्तीस रुपयांचा अर्थ खातेदाराच्या बोलीत सांगावा. नॉमिनी कोण आहे, हे बँकेत विचारायला लावावे. ‘घरी कोणाला हे ठाऊक आहे का?’ हा प्रश्न आवर्जून करावा. हप्त्याच्या दिवसांत खात्यात पैसे नसतील तर संरक्षण थांबते, हेही समजावून द्यावे. जनसुरक्षा योजनांच्या शासकीय संकेतस्थळावर दाव्याचे अर्ज मराठीतही उपलब्ध आहेत. त्यांच्या चार प्रती दुकानात ठेवता येतील. कोणाचाही ओटीपी अथवा पिन मात्र विचारू नये, आणि त्यांनीही तो कोणाला सांगू नये, हे पहिल्याच भेटीत बजावावे.

बँकेने दाद दिली नाही तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करून पोच घ्यावी. 30 दिवसांत उत्तर न आल्यास अथवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी 14448 हा क्रमांक आहे.

चातुर्मास आषाढात सुरू होतो आणि रोवणीही त्याच सुमारास. साधु-साध्वी जीवदयेसाठी विहार थांबवतात, त्याच दिवसांत शेतमजूर जीव मुठीत धरून चिखलात उतरतात. त्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यातच, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचे पासबुक एकदा उघडून वाचले गेले, तर एखाद्या घरावर कठीण प्रसंग आलाच तरी त्या घराला आपला हक्क ठाऊक असेल.